जेवलेलं ताट

भिलाई, सेक्टर ५
३० जून २०२४

सिंधुताई, नमस्कार.

गुडघ्याच्या ऑपरेशनचं ठरलं हे बरं झालं. निखिल आईची काळजी घेणारा मुलगा आहे, त्यामुळे मी निश्चिंत आहे. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, तोच बोलतो. तुम्ही कशा आहात ते कळतं, पण तुम्ही काय म्हणता ते कळत नाही. म्हणून लिहिते.

इकडची बातमी म्हणजे आम्ही मांजर आणली.

आमच्या मृणालच्या वर्गातली सोनल तुम्हाला आठवत असेल. आपल्याकडे महालक्ष्म्यांना जेवायला यायची आणि पुरण बाजूला काढून ठेवायची. तिने दुर्गच्या पुढे, उतईच्या रस्त्याला, जखमी जनावरांसाठी निवारा उघडला आहे. आम्ही जुन्या चादरी द्यायला गेलो होतो. हे बाहेरच थांबणार होते. मग आत गेले आणि बराच वेळ आले नाहीत. मी पाहायला गेले तर एका पिंजऱ्यासमोर उकिडवे बसलेले. पिंजऱ्यात गोणपाट होतं आणि त्याखाली काहीतरी होतं.

"निघून नाही राहिली बाहेर," हे म्हणाले. "मी बी नसतो निघालो."

जामुलच्या बाजूला एका बंद गोदामात ती सापडली होती. फाटक्या पोत्यांतलं सिमेंट ओल्या अंगावर पडलं. मांजर अंग चाटून साफ करते, तसं तिने केलं. तोंड आतून भाजलं. एक डोळा गेला. दात डॉक्टरांना काढावे लागले. आता जखमा भरल्या आहेत. नाव मोना. ते सोनलने ठेवलेलं आहे, आम्ही बदललं नाही.

दिवाळीपर्यंत ठेवून पाहा, जमलं तर ती तुमची, असं सोनल म्हणाली आहे.

बाकी मोना छान आहे. आवाज करत नाही. रिटायर झाल्यापासून हे सकाळी गॅलरीत उभे राहून स्टील प्लांटच्या चिमण्यांचा धूर बघत असत. आता कॉटखाली बघतात.

तुमची,
वसुंधरा


तुमसर
१४ जुलै २०२४

वसुंधरा, अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. निखिलने परवा व्हिडिओ कॉल लावून दिला होता, मृणालचं तोंड दिसलं. तोंड हलत होतं. मीही मान हलवली. पत्र बरं.

एक डोळा नाही, दात नाहीत, आणि तू लिहितेस छान आहे. असेल. शामभाऊजींचं मला नवल वाटलं नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा ते शाळेत होते. सासूबाई त्यांना मांजरीची पिल्लं नदीपलीकडे सोडायला पाठवायच्या. ते संध्याकाळी परत यायचे आणि पिल्लं त्यांच्या आधी.

आता मुद्द्याचं. ऑपरेशन ऑगस्टमध्ये आहे. त्यानंतर प्रवास नाही, असं डॉक्टरांनी निखिलला लिहून दिलं, मला वाचायला लावलं. म्हणजे यंदा महालक्ष्म्यांना मी भिलाईला नसेन. असं पहिल्यांदा होतं आहे. तुला एकटीला करावं लागेल. ते तुला जमेल.

पण मांजर त्या दिवसांत घरात नको. नैवेद्याची सगळी मांडामांड जमिनीवर असते, दूध, तूप, पुरण उघडं असतं. मांजरीने एका वाटीला तोंड लावलं की सगळं वाया. आवाहनाच्या आधी तिला सोनलकडे ठेवून ये आणि विसर्जनानंतर आण. एवढे लाड चालले आहेत तर थोडे दिवस लाड न होता राहील. तिचं काही बिघडत नाही.

एक गोष्ट स्पष्ट लिहिते. मनात ठेवून काय करू. हे गेले आणि महालक्ष्म्यांचे मुखवटे मी तुझ्या ओटीत घातले. धाकट्या सुशीलच्या दुर्गाने आता नागपूरला घर बांधलं आहे. देवाला वेगळी खोली केली आहे. आमच्याकडे द्या, असं ती दर वर्षी म्हणते. मी सांगते, वसुंधरा नीट करते. मला हे पुढेही सांगता आलं पाहिजे.

सिंधुताई


भिलाई
१ ऑगस्ट २०२४

सिंधुताई, नमस्कार.

तुम्ही लिहिलंत तसंच करू. मोनाला आवाहनाच्या आदल्या दिवशी सोनलकडे पोचवू. ती खाऊनपिऊन सुखात आहे, राहील.

तुम्ही नसणार हे वाचून मी पत्र घडी करून ठेवलं आणि कामाला लागले. पुन्हा उघडलं तर तेच होतं. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसता, काही बोलत नाही, पण मीठ घालताना माझा हात तुमच्याकडे बघतो. या वर्षी कुणाकडे बघणार.

काही विचारायचं आहे. आंबिलीची ज्वारी किती आधी भिजवू. इथे पावसाळ्यात लवकर आंबतं.

लोखंडी स्टँड यांनी माळ्यावरून काढून घासून ठेवलेत. एकाचा पाय हलत होता, तो वेल्डिंग करून आणला.

आणि नैवेद्य दाखवल्यावर दार लावण्याचं. तुम्ही आतल्या बाजूला असता, तुम्हाला माहीत नसेल. आम्ही दार पूर्ण लावत नाही, अर्धवट ओढतो. आत समया असतात, पातळं नेसवलेली असतात, यांना आगीची धास्ती. प्लांटमधली सवय. त्यामुळे कुणी ना कुणी डोकावत राहतं, हे तर दर थोड्या वेळाने. तसंच करू का, की पूर्ण लावू.

तुमची,
वसुंधरा


तुमसर
२२ ऑगस्ट २०२४

वसुंधरा,

ऑपरेशन झालं. चालवतात. दुखतं. याहून जास्त लिहिण्यासारखं त्यात काही नाही.

ज्वारी आदल्या रात्री भिजव. आंबील पूजेच्या दिवशी पहाटे शिजवून उतरव, मग तिला हात लावू नकोस. दुपारी नैवेद्याला ती गार झालेली असावी. गरम आंबील नैवेद्याला ठेवत नाहीत. ताक शेवटी. साखर नको, मीठ बेताचं.

स्टँडचं मला कधीच पटलं नाही, हे तुला माहीत आहे. आमच्याकडे मातीच्या कोठ्या असत, गहू-तांदळाने भरलेल्या. त्यांवर मुखवटा. शामभाऊजींनी तुला सळ्यांचे सांगाडे करून दिले, वरून पातळ नेसवलं की बाहेरून दिसत नाही. पण आत पोकळ. लक्ष्मीचं पोट रिकामं. असो. ते प्लांटवाले, त्यांना लोखंडाचंच सुचणार.

दार. मी वाचून थक्क झाले. इतकी वर्षं मी मागच्या खोलीत हात जोडून बसते, आणि तुम्ही पुढे दार उघडं टाकून बसता. वसुंधरा, दार लावायचं म्हणजे लावायचं. देवी जेवायला बसली आहे. जेवणाऱ्याकडे टक लावून कुणी बघतं का. समया मागे सरकव, पातळाचा पदर खोचून घे, आणि दार पूर्ण लाव. आवाज नाही, डोकावणं नाही, फटीतून नाही, शामभाऊजींनी खिडकीतून नाही. आत एकही माणूस नको. बाहेर बसून आरती म्हणा, ती संपली की आणखी थोडं थांबा. मग टाळी वाजवून उघड. मी नसले तरी एवढं कर. किंबहुना मी नाही म्हणून कर.

मांजर पोचवलीस की कळव.

सिंधुताई


भिलाई
७ सप्टेंबर २०२४, गणेश चतुर्थी

सिंधुताई,

हे पत्र तुम्हाला मिळेल तेव्हा महालक्ष्म्या बसून उठलेल्या असतील. मला ते ठाऊक आहे. तरी आज लिहिते, म्हणजे नंतर सांगितलं असं होणार नाही.

मोना खात नाही. आणली तेव्हापासून खात नाही. मी तुम्हाला सुखात आहे लिहिलं, ते खरं नव्हतं. तोंडातल्या जखमा भरून आल्या आहेत, दुर्गचे डॉक्टर बॅटरी लावून बघतात आणि सगळं ठीक आहे म्हणतात. पण वाटी समोर ठेवली की ती मागे सरकते. तोंडाला लागेल त्या प्रत्येक गोष्टीने भाजतं, असं तिने धरलं आहे. अंगसुद्धा चाटत नाही. मी ओल्या फडक्याने पुसते.

सकाळ-संध्याकाळ तिला टॉवेलमध्ये गुंडाळून हे मांडीवर धरतात आणि मी गालाच्या बाजूने सिरिंजने पातळ खाणं सोडते. अर्धं बाहेर येतं. ज्यांनी जन्मभर लोखंड जोडलं, त्यांचे हात तिला धरताना कापतात. डॉक्टर म्हणाले, असं फार चालवता येणार नाही, यकृत बसेल. तिने आपणहून खायला हवं. नाहीतर पुढे काय, ते त्यांनी यांना सांगितलं. यांनी मला सांगितलं नाही, पण गाडी दोनदा चुकीच्या रस्त्याला नेली.

कोमट करून, वास येईल असं द्या, हे त्यांनी सांगितलेलं. आम्ही सगळं कोमट करून दिलं. तुमच्या स्वयंपाकघराच्या नियमात न बसणारंही दिलं, मागच्या व्हरांड्यात. वाटी ठेवून आम्ही दोघं तिच्यासमोर बसायचो. ती आमच्याकडे बघायची, आम्ही तिच्याकडे.

तुम्हाला शब्द दिला होता, म्हणून काल तिला सोनलकडे नेलं, राहते का ते आधीच पाहायला. पिंजऱ्यात ठेवताच ती गोणपाटाखाली गेली आणि धापा टाकू लागली. सोनल दार धरून उभी राहिली. म्हणाली, "काकू, मैं मना नहीं करूंगी. पन तीन दिवस इथं राहिली तर वापस नेताना मले फोन करा आधी." आधी फोन कशाला, हे मी विचारलं नाही. यांनी पिंजरा उचलून गाडीत ठेवला.

तर मोना घरात आहे. स्वयंपाकघरामागच्या कोठीच्या खोलीत, दार लावून ठेवणार आहे. महालक्ष्म्यांच्या खोलीत ती येणार नाही याची मी सगळी काळजी घेईन.

मला दोन्ही ठेवायचं आहे. तुम्हाला चालणार नाही तर तसं लिहा. लपवून ठेवलं असं मात्र मला तुमच्याशी करायचं नव्हतं, आणि ते मी दोन महिने केलं.

तुमची,
वसुंधरा


भिलाई
१४ सप्टेंबर २०२४

सिंधुताई,

विसर्जन झालं. मुखवटे पुसून ठेवले. जसं घडलं तसं लिहिते.

आवाहन नीट झालं. पावलं काढली, मुखवटे आणले. ज्येष्ठेला तुम्ही दिलेलं हिरवं पातळ, कनिष्ठेला माझ्या लग्नातलं. यांनी निऱ्या घातल्या, त्यांच्यासारख्या निऱ्या मला येत नाहीत.

पूजेच्या दिवशी पहाटे आंबील उतरवली, हात लावला नाही. सकाळी मोनाला सिरिंजने भरवलं. त्या दिवशी तिने थोडंही आत घेतलं नाही, सगळं टॉवेलवर आलं. तिला कोठीतल्या कॉटखाली सोडून मी दार ओढलं. पुरण गॅसवर होतं. कडी बसली की नाही, हे मी पाहिलं नाही. चूक तिथे झाली.

दुपारी बायका आल्या. वरच्या क्वार्टरमधली करिष्मा, आणि बाकीच्या तुमच्या ओळखीच्या. नैवेद्य वाढला, सोळा भाज्या, वडे, कढी, सगळं. दोन्ही ताटं मांडली. समया मागे सरकवल्या, पदर खोचले. सगळे बाहेर आलो. आणि यंदा मी दार पूर्ण लावलं. यांनी एकदा फटीशी नाक नेलं, तेव्हा मी यांना तुमचं पत्र आणून दाखवलं. हे येऊन सतरंजीवर बसले. आरती म्हटली. संपल्यावर आणखी थांबलो. करिष्माला हसू येत होतं. म्हणाली, "काकू, असं तर मी परीक्षेच्या हॉलबाहेर बी नाही बसली."

टाळी वाजवून दार उघडलं.

कनिष्ठेचं ताट जसंच्या तसं होतं. ज्येष्ठेच्या ताटातली आंबिलीची वाटी रिकामी होती. नुसती रिकामी नाही, पुसून घेतल्यासारखी. शेजारची कढीही बरीच खाली गेली होती. बाकी कशाला धक्का नव्हता.

एकीने हात जोडले. करिष्मा हळूच म्हणाली, "आंबील कोनं खाल्ली?"

हे ज्येष्ठेच्या पातळाकडे बघत होते. निऱ्यांच्या खाली काहीतरी हललं.

"वसुंधरा," हे म्हणाले, "महालक्ष्मीले शेपूट आहे."

मोना सांगाड्याच्या आत बसली होती. पोकळीत, पातळाच्या आड. केव्हा शिरली कळलं नाही. तिला अंधार आणि आडोसा लागतो, आणि घरात त्या दिवशी तेवढीच एक जागा होती. यांनी निऱ्या बाजूला केल्या. ती पळाली नाही. मिशांना आंबील लागली होती. आमच्या सगळ्यांच्या देखत तिने एक पंजा उचलला, त्याच्याकडे पाहिलं आणि जिभेने चाटला. थांबली. पुन्हा चाटला.

हे खाली बसले. मी पदर तोंडाला लावून उभी होते. बायकांना वाटलं, मी अपशकुनाने रडते आहे.

मग मी त्यांना सगळं सांगितलं. कोण मांजर, काय झालं, का खात नव्हती. दोघी जणी जेवल्या नाहीत, केळं घेऊन गेल्या. त्यांचं मी वाईट वाटून घेतलं नाही. बाकीच्या बसल्या.

आता सगळ्यात अवघड गोष्ट लिहिते. स्वयंपाकघरात सगळं शिल्लक होतं. मी ज्येष्ठेला दुसरं ताट वाढू शकले असते. दार लावून पुन्हा पाच मिनिटं बाहेर बसू शकले असते. बायकाही तेच म्हणाल्या. मी नाही वाढलं. ते ताट जेवलं गेलं होतं. त्याच्या जागी न जेवलेलं ताट ठेवायला माझा हात उठला नाही. रिवाजाप्रमाणे देवीच्या ताटातलं उरलेलं आम्ही दोघं जेवलो, त्याच ताटात.

संध्याकाळी सोनल आली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, आतापर्यंत कधी तिच्यासमोर गार खाणं ठेवलं होतं का. नाही. आणि वाटी ठेवून सगळे निघून गेले, दार लावून, असं कधी केलं होतं का. तेही नाही. तिच्या निवाऱ्यातही कुणी ना कुणी बसून असायचं, खाते की नाही ते बघायला.

जेवणाऱ्याकडे टक लावून कुणी बघतं का, असं तुम्ही लिहिलं होतं. आम्ही तिच्याकडे दोन महिने टक लावून बघत होतो. तुम्ही लिहिलं नसतं तर मी दर वर्षीसारखं दार अर्धवट ठेवलं असतं, हे डोकावत राहिले असते आणि ती निऱ्यांआड बसून राहिली असती. उपाशी. डॉक्टरांनी, सोनलने, आम्ही जे करायचं ते सगळं केलं. तिला जे हवं होतं ते तुमच्या नियमातून आलं. तुम्ही ते तिच्यासाठी सांगितलं नव्हतं. तरी मी तुमचे उपकार मानते.

नियम मोडला तोही माझ्याच हातून. दोन्ही खरं आहे. मुखवट्यांचं काय करायचं ते तुम्ही ठरवा.

तुमची,
वसुंधरा


भिलाई
२ ऑक्टोबर २०२४

सिंधुताई,

तुमचं उत्तर नाही. निखिलला विचारलं तर म्हणाला, आई काठी घेऊन अंगणात फिरते, पत्रं मिळाली आहेत, वाचलीत. आणखी काही बोलत नाही. तेव्हा तब्येत ठीक आहे, हे कळलं.

मुखवटे दोन सुती पातळांत गुंडाळून डब्यात ठेवले आहेत. सुशीलभाऊजी न्यायला आले तर देईन. कुणाला काही बोलणार नाही. दुर्गा चांगली आहे, नीट करेल. आंबिलीचं तुम्ही मला लिहिलं तसं तिलाही मी लिहून देईन.

मला वाईट वाटतं का, असं यांनी विचारलं. वाटतं. पण त्या दुपारबद्दल वाईट वाटत नाही. तुम्ही रागावला असाल तरी हे तुमच्यापाशी लपवू शकत नाही.

मोना खाते. आंबील, मग भाताची पेज, आता डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं, गार करून. सकाळी वाटी कोठीत ठेवतो, दार लावतो आणि दोघं स्वयंपाकघरात चहा घेत बसतो. हे बोलत नाहीत. कप खाली ठेवतानासुद्धा जपून ठेवतात. मग आतून वाटी फरशीवर सरकल्याचा आवाज येतो. दात नाहीत म्हणून ती वाटी ढकलत ढकलत खाते, भिंतीपर्यंत. तो आवाज आला की यांचा चेहरा बघावा.

श्वास अजून घरघरतो. डोळा येणार नाही. औषध जन्मभर आहे. डॉक्टर म्हणतात, यकृत सुधारलं. सोनलने दिवाळीची वाट पाहिली नाही, ती तुमची म्हणून सांगून टाकलं.

गुडघ्याला जपा.

तुमची,
वसुंधरा


तुमसर
१६ ऑक्टोबर २०२४

वसुंधरा, अनेक आशीर्वाद.

उशीर झाला. मी रागावले होते. तुझं चतुर्थीचं पत्र विसर्जनाच्या दिवशी आलं, तेव्हा फार रागावले. उत्तर येऊच शकणार नाही अशा दिवशी पत्र टाकणं हे शहाणपण तुझ्यात मला माहीत नव्हतं. मग दुसरं आलं. ते वाचल्यावर राग कुठे ठेवावा ते कळेना. तो निघून जाईपर्यंत थांबले. खोटं आशीर्वादाचं पत्र मला लिहिता येत नाही.

आधी डबा सोड. सुती पातळात गुंडाळलेलं पितळ ओल धरतं. मुखवटे कोरड्या फडक्याने पुसून मोकळे ठेव.

एक सांगते. लग्नानंतरच्या पहिल्या महालक्ष्म्या. मला सकाळपासून पाण्याखेरीज काही नव्हतं, सुनांनी नैवेद्याआधी खायचं नाही असं होतं. पहाटेपासून चुलीपुढे. दार लावलं आणि आम्ही सगळ्या बाहेर बसलो. आतून पुरणाचा वास येत होता. सगळ्यांनी डोळे मिटलेले. मी मनात म्हणाले, बायांनो, लवकर जेवा. देवीला घाई करणारी सून. मग मला भीती वाटली आणि मी कान देऊन बसले. तेव्हा मला चांगलं ऐकू यायचं. आत काही आवाज नाही. दार उघडलं, ताटं जशीच्या तशी. सासूबाई म्हणाल्या, देवी वासाने जेवते. मी हो म्हणाले. पुढे मीही सगळ्यांना तेच सांगितलं.

त्यानंतर दर वर्षी मी कान देऊन बसत आले. ऐकू येईनासं झालं तरी बसत आले. मागच्या खोलीत हात जोडून बसते म्हणून तुम्ही मला मानता, मी तिथे आतल्या चाहुलीची वाट बघत असते. इतक्या वर्षांत आत कुणी जेवलं नाही. तू म्हणतेस ते ताट जेवलं गेलं होतं, म्हणून दुसरं वाढलं नाहीस. वाढलं असतंस तर मी मुखवटे परत मागितले असते. हे दुर्गाला कळणार नाही. निखिललाही नाही. मी कुणाला सांगणार नाही, तूही सांगू नकोस.

मांजरीला आणखी एक कर. पुढच्या वर्षी नैवेद्याच्या आधी तिला जेवायला घाल, देवीच्या आधी. करिष्माला, तुला, जी कुणी सकाळपासून राबते तिलाही. उपाशी बसून दुसऱ्याच्या जेवणाची वाट बघणं मी पुष्कळ केलं. त्यातून पुण्य किती मिळालं ते मला माहीत नाही. डोकं मात्र दुखायचं.

शामभाऊजींना आशीर्वाद. हात कापतात तर कापू देत, धरून ठेवा म्हणावं. चालता यायला लागलं की मी येते. त्या वाटीचा आवाज मला ऐकू येणार नाही, पण त्यांचा चेहरा दिसेल.

दसऱ्याला सुशील आणि दुर्गा सोनं द्यायला आले होते. दुर्गाने विषय काढलाच. तिला सगळं कळलं होतं, भिलाईहून नागपूरला अशी बातमी रेल्वेच्या आधी पोचते. मांजरीनं बाटवलेल्या घरात मुखवटे कसे ठेवता, असं तिने मोठ्याने विचारलं, मला ऐकू यावं म्हणून. ऐकू आलं. मी म्हटलं, ते भिलाईलेच राहतीन.

"कावून?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "तिथं जेवते बाई ती."

सिंधुताई